सरहद्दीचे प्रश्न: करार कोणी केले, किंमत कोणी मोजली?

पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात ‘तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तान’ या संघटनेचे हल्ले पुन्हा का वाढले आहेत, याविषयी मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर वाचकांची अनेक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

अफगाणिस्तानात राज्य करणारे तालिबान आणि पाकिस्तानात स्फोट घडवणारे तालिबान एकच आहेत का? मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला करणारे यांच्यापैकीच होते का?
— एक वाचक, डोंबिवली

नाही. या तीन वेगवेगळ्या संघटना आहेत. त्यांचे एकमेकींशी असलेले संबंध मात्र नीट समजून घ्यायला हवेत, कारण सगळा गोंधळ तेथेच होतो.

अफगाण तालिबान ही मुल्ला उमर याने १९९४ मध्ये कंदाहारमध्ये उभी केलेली संघटना. तिची लढाई काबूलच्या सत्तेसाठी होती आणि पाकिस्तानी लष्कराने तिला दीर्घकाळ आसरा दिला. तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तानची स्थापना डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण वझिरिस्तानात बैतुल्ला मेहसूद याच्या नेतृत्वाखाली झाली. डोंगराळ आदिवासी पट्ट्यातील आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक सशस्त्र गट तिच्यात एकत्र आले. ही संघटना अफगाण तालिबानच्या प्रमुखाला आपला अमीर, म्हणजे सर्वोच्च नेता, मानते. परंतु तिचे शत्रू म्हणजे पाकिस्तानचे लष्कर, पोलीस, न्यायालये आणि तिच्या मताशी न जुळणारा प्रत्येक पाकिस्तानी नागरिक.

मुंबईवर हल्ला करणारी लष्कर-ए-तैयबा ही पंजाबात रुजलेली संघटना. तिचे केंद्र लाहोरजवळच्या मुरिदके येथे होते आणि जिवंत पकडला गेलेला अजमल कसाब हाही पंजाबच्या ओकारा जिल्ह्यातील होता. तिने पाकिस्तानी राज्यसंस्थेविरुद्ध शस्त्र उचलले नाही आणि म्हणूनच तिला तेथे मोकळेपणाने वावरता आले. कोणता बंदूकधारी उपयोगाचा आणि कोणता धोक्याचा, याची जी विभागणी पाकिस्तानी लष्कराने वर्षानुवर्षे केली, तिचा फटका आपल्याला मुंबईत बसला आणि पेशावर, स्वात व वझिरिस्तानच्या सामान्य माणसांना तो रोजच बसत आला आहे.

हे सगळे नेमके याच पट्ट्यात का घडते? पठाण हे मुळातच लढवय्ये आणि कोणाचा कायदा न मानणारे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बंडखोरीचे मूळ तेथे नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सविस्तर देणार आहे, कारण ही समजूत अतिशय रूढ आहे आणि तिने या लोकांचे फार नुकसान केले आहे.

ज्या लोकांना ‘कायदा न मानणारे’ म्हटले गेले, त्यांना प्रत्यक्षात कायदा मिळालाच नव्हता. १८९३ मध्ये ड्युरँड रेषा आखली गेल्यावर ब्रिटिशांनी तिच्या अलीकडचा डोंगराळ प्रदेश आपल्या साम्राज्याचे कुंपण म्हणून वापरला आणि १९०१ मध्ये तेथे ‘फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन’ हा खास कायदा पक्का केला. त्यानुसार प्रत्येक विभागात, म्हणजे एजन्सीत, एक पोलिटिकल एजंट असे. तोच कारभारी, तोच कर वसूल करणारा आणि तोच न्याय देणारा. एकाने गुन्हा केला तर त्याच्या संपूर्ण जमातीला दंड करता येई, तिचा बाजार बंद करता येई, तिच्यातील माणसांना अटक करता येई, घरे पाडता येत. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ अशा शब्दांत तेथील लोक या कायद्याचे वर्णन करत आले आहेत.

१९४७ मध्ये ब्रिटिश गेले, पण हा कायदा राहिला. बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझाई, कुर्रम, उत्तर वझिरिस्तान आणि दक्षिण वझिरिस्तान अशा सात एजन्सी, सुमारे २७ हजार चौरस किलोमीटर प्रदेश आणि २०१७ च्या जनगणनेनुसार सुमारे ५० लाख लोक, एवढा हा पसारा. येथील प्रौढांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला तो १९९७ च्या निवडणुकीत. त्याआधी सरकारने नेमलेले मोजके मलिक, म्हणजे जमातींचे प्रमुख, तेवढे मतदान करत. राजकीय पक्षांना येथे अधिकृतपणे काम करण्याची मुभा मिळाली ती २०११ मध्ये. सामूहिक शिक्षेतून स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना वगळण्याची दुरुस्तीही त्याच वर्षीची. १९९८ च्या जनगणनेत येथील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण जेमतेम तीन टक्के नोंदवले गेले होते. पक्षाला मज्जाव असला तरी मशिदीच्या व्यासपीठावरून बोलण्यास कोणी अडवत नव्हते, त्यामुळे ज्या काळात राजकारणाने माणसे घडवायची, त्या काळात ती जागा धार्मिक संघटनांनी व्यापली.

त्यात डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. अमेरिकेचा आणि सौदी अरेबियाचा पैसा, पाकिस्तानी गुप्तचर संस्थेचे नियोजन आणि मुजाहिदीनांची भरती यांचा तळ म्हणून हाच पट्टा निवडला गेला. एखादा उद्योग काढावा तसे तेथे युद्ध काढले गेले: शस्त्रांची गोदामे, प्रशिक्षणाचे तळ, त्यांना माणसे पुरवणारे मदरसे. अरब आणि मध्य आशियाई लढवय्ये आले, त्यांतील काहींनी येथेच लग्ने केली. १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले, तरी ही व्यवस्था मोडली गेली नाही. २००१ च्या अखेरीस अमेरिकी हल्ल्यामुळे अल-कायदाचे आणि तालिबानचे लोक डोंगर ओलांडून आले, तेव्हा त्यांना ओळखीच्या वाटा आणि ओळखीची घरे मिळाली. यात रक्ताचा, स्वभावाचा किंवा वंशाचा भाग मला कोठे दिसत नाही. राजधानी इस्लामाबाद आणि लष्कराचे मुख्यालय असलेली रावळपिंडी येथे बसून घेतलेल्या निर्णयांचा भाग मात्र जागोजागी दिसतो.

एवढे मोठे लष्कर हाताशी असताना सरकारने अतिरेक्यांशी करार का केले? त्या करारांत नेमके काय ठरत होते?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर

हा मला या सर्व प्रश्नांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

मार्च २००४ मध्ये दक्षिण वझिरिस्तानातील वाना गावाजवळ परदेशी लढवय्यांना पकडण्यासाठी गेलेल्या दलांची मोठी हानी झाली. महिनाभरात, एप्रिलमध्ये, शकई येथे नेक मुहम्मद या पंचविशी-तिशीतल्या स्थानिक सेनानीशी करार झाला. पेशावरचे कोअर कमांडर स्वतः तेथील मदरशात गेले आणि सर्वांसमक्ष त्यांनी नेक मुहम्मदची गळाभेट घेतली. आपण लष्कराकडे गेलो नाही, लष्करच आपल्याकडे आले, असे नेक मुहम्मदने नंतर उघडपणे सांगितले. आदिवासी रिवाजात कोण कोणाच्या दारी गेला याला फार अर्थ असतो आणि तो अर्थ डोंगरातल्या प्रत्येकाला कळला. करार काही आठवड्यांतच फिसकटला आणि जूनमध्ये नेक मुहम्मद मारला गेला. पाकिस्तानी भूमीवरचा तो पहिला अमेरिकी ड्रोन हल्ला होता; त्या वेळी मात्र हे आपलेच काम असल्याचे लष्कराने सांगितले.

फेब्रुवारी २००५ मध्ये सरारोघा येथे बैतुल्ला मेहसूदशी, सप्टेंबर २००६ मध्ये उत्तर वझिरिस्तानात मिरानशाह येथे, अशी करारांची मालिका पुढे चालू राहिली. मसुद्यांचा आशय बहुतांशी सारखाच होता. सैन्याने चौक्या हटवाव्यात, कैदी सोडावेत, नुकसानभरपाई द्यावी. बदल्यात सैन्यावर हल्ले होणार नाहीत आणि परदेशी लोकांना आसरा दिला जाणार नाही. गावात दुकान चालवणाऱ्याला, मुलीला शाळेत पाठवणाऱ्याला किंवा तालिबानला खंडणी नाकारणाऱ्याला कोण वाचवणार, याविषयी त्या कागदांत तरतूद नव्हती. हे करार लष्कराने लष्कराच्या सुरक्षिततेसाठी केले होते. सैनिक छावणीत गेले आणि गाव बंदूकधाऱ्यांच्या हाती राहिले.

मग जे व्हायचे तेच झाले. ज्यांच्यामार्फत सरकार शंभर वर्षे या जमातींशी बोलत होते, त्या मलिकांना तालिबानने एकेक करून संपवले. पुढच्या काही वर्षांत असे शेकडो वडीलधारे मारले गेले आणि जिरगा ही वडीलधाऱ्यांच्या पंचायतीची संस्थाच भीतीने मुकी झाली. दुसरीकडून आकाशातले संकट होतेच. १७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरिस्तानातील दत्ता खेल येथे क्रोमाइटच्या खाणीवरील तंटा सोडवण्यासाठी भरलेल्या जिरग्यावर अमेरिकी ड्रोनने क्षेपणास्त्रे डागली आणि सुमारे ४० माणसे मेली. समाजाच्या ज्या माणसांनी अतिरेक्यांना थोपवायचे, ती दोन्ही बाजूंनी मारली गेली.

एका कुटुंबाची हकिगत येथे द्यायलाच हवी. दक्षिण वझिरिस्तानातील वझीर जमातीचे अली वझीर यांच्या घरातील लोकांनी तालिबानच्या आगमनाला सुरुवातीपासून विरोध केला. २००३ मध्ये त्यांच्या थोरल्या भावाची हत्या झाली. २००५ मध्ये एकाच हल्ल्यात त्यांचे वडील, भाऊ, काका असे अनेक जण मारले गेले. त्या वेळी अली वझीर तुरुंगात होते. अंत्यसंस्कारालाही त्यांना जाता आले नाही. गुन्हा काय, तर सामूहिक जबाबदारीच्या त्याच १९०१ च्या कायद्याखाली त्यांना पकडले होते. मारेकऱ्यांना मात्र कधी शिक्षा झाली नाही. पुढे २०१८ मध्ये लोकांनी अली वझीर यांना खासदार म्हणून निवडून दिले आणि डिसेंबर २०२० मध्ये लष्कराविरुद्ध भाषण केल्याच्या आरोपावरून ते पुन्हा तुरुंगात गेले. बैतुल्लाशी करार करणाऱ्या राज्यसंस्थेला या माणसाशी बोलावेसे वाटले नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

स्वातची कथा थोडी निराळी आहे. स्वात हे आदिवासी पट्ट्याबाहेरचे, १९६९ पर्यंत स्वतंत्र संस्थान असलेले खोरे. वालींच्या, म्हणजे तेथील संस्थानिकांच्या, राजवटीत दावे झटपट निकाली निघत. विलीनीकरणानंतर न्यायालये आली आणि एकेक जमिनीचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळू लागला. लोकांच्या या खऱ्या तक्रारीवर सूफी मुहम्मद या मौलवीने आपली शरियतची चळवळ उभारली आणि त्याचा जावई मौलाना फझलुल्ला याने बेकायदा एफएम रेडिओवरून ती घराघरांत नेली. आधी कुराणपठण, मग देणग्या, मग मुलींनी शाळा सोडावी म्हणून धमक्या आणि शेवटी रोज रात्री कोणाला ठार मारणार त्यांच्या नावांची यादी, असा त्या प्रसारणाचा प्रवास झाला. मिंगोरा शहराच्या ग्रीन चौकात सकाळी मृतदेह टांगलेले दिसत, म्हणून लोक त्याला खुनी चौक म्हणू लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये प्रांतिक सरकारने शरियत न्यायालयांचा करार केला, १३ एप्रिलला संसदेने त्याला मान्यता दिली आणि त्याच महिन्यात तालिबान शेजारच्या बुनेर जिल्ह्यात शिरले. तेव्हा कोठे मे महिन्यात लष्कराची मोठी मोहीम सुरू झाली.

पाकिस्तानने जे पेरले तेच उगवले. आपण त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण काय?
— एक वाचक, नागपूर

आपला राग मी समजू शकतो. मुंबईत ज्यांनी आप्त गमावले, त्यांच्यासमोर पाकिस्तानच्या दुःखाची गोष्ट काढणे सोपे नाही. तरीही आपल्या वाक्यातील ‘पाकिस्तानने’ या शब्दाशी मला थांबावे लागते. ज्यांनी पेरले ते सेनापती होते, गुप्तचर अधिकारी होते, काही मौलवी आणि काही पुढारी होते. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये १३० हून अधिक मुले मारली गेली. त्यांतील एकाही मुलाने काही पेरले नव्हते. दुसऱ्या दिवशी आपल्याकडील शाळांतही मुलांनी मौन पाळले होते, आणि ते योग्यच होते.

आपण नागपूरचे आहात, म्हणून एक जवळचा धागा सांगतो. आजच्या खैबर पख्तुनख्वात, म्हणजे तेव्हाच्या सरहद्द प्रांतात, खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार संघटना उभी केली. हजारो पठाणांनी शस्त्र न उचलण्याची शपथ घेतली आणि २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात ब्रिटिशांच्या गोळ्या छातीवर झेलल्या. १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर सरकारने त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात येण्यास बंदी केली, तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींच्या आणि जमनालाल बजाज यांच्या सहवासात राहिले. मुंबईत केलेल्या एका भाषणावरून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना पुन्हा अटक झाली, तीही वर्ध्यातच.

फाळणीनंतर पाकिस्तान सरकारने त्यांच्या संघटनेवर बंदी घातली आणि त्यांनाही अनेक वर्षे कैदेत ठेवले. आदिवासी पट्ट्यातील मदरशांना जो मोकळेपणा मिळाला, तो या निःशस्त्र माणसांना कधी मिळाला नाही. त्यांच्या वारशावर उभ्या असलेल्या अवामी नॅशनल पार्टीचे २००८ मध्ये प्रांतात सरकार आले. स्वातचा तो करार याच पक्षाच्या सरकारने केला, ही त्याची मोठी चूक होती. परंतु नंतर तालिबानविरुद्ध उघडपणे बोलण्याची जी किंमत या पक्षाने मोजली, तिला त्या देशात फार थोड्या तुलना आहेत. मंत्री मियाँ इफ्तिखार हुसेन यांचा एकुलता एक मुलगा २०१० मध्ये मारला गेला. डिसेंबर २०१२ मध्ये ज्येष्ठ मंत्री बशीर बिलौर यांची आणि जुलै २०१८ मध्ये निवडणूक प्रचारात त्यांचे पुत्र हारून बिलौर यांची आत्मघातकी हल्ल्यांत हत्या झाली. २० जानेवारी २०१६ रोजी, गफार खान यांच्या स्मृतिदिनी, त्यांच्याच नावाच्या चारसद्दा येथील विद्यापीठात मुशायऱ्याची तयारी चालू असताना बंदूकधारी शिरले आणि त्यांनी सुमारे २० जणांना ठार मारले. मारणाऱ्यांनी तारीख आणि ठिकाण निवडूनच घेतले होते, यात मला शंका वाटत नाही. वर्ध्यात राहून गेलेल्या त्या माणसाच्या विचारांचे लोक मारले जातात, तेव्हा हळहळण्यासाठी आपल्याला वेगळे कारण शोधावे लागू नये.

पोलिओचे डोस देणाऱ्या महिलांवर हल्ले का होतात?
— आशा स्वयंसेविका, धुळे

लसीमुळे वंध्यत्व येते हा अपप्रचार तेथे जुनाच होता. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा लावण्यासाठी अमेरिकी गुप्तचर संस्थेने अबोटाबादमध्ये एका डॉक्टरमार्फत काविळीच्या लसीकरणाची बनावट मोहीम चालवली होती, हे २०११ मध्ये उघड झाले आणि त्या अपप्रचाराला मोठे बळ मिळाले. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानातील तालिबान सेनानी हाफिज गुल बहादूर याने ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओ लसीकरण बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरपासून लसीकरण करणाऱ्या स्त्रियांना गोळ्या घालण्याचे सत्र सुरू झाले. भारत पोलिओमुक्त जाहीर झाला ते वर्ष २०१४. त्याच वर्षी पाकिस्तानात ३०६ मुलांना पोलिओ झाला. तुटपुंज्या मानधनावर आजही घरोघर जाणाऱ्या त्या स्त्रियांचे धैर्य आपल्यासारख्यांना अधिक नेमके कळेल.

२०१४ नंतर लष्कराने अतिरेक्यांचा मोड केला, असे वाचले होते. मग ते परत कसे आले? हे कधी संपणार?
— पुणे, कोल्हापूर आणि पणजी येथील वाचक

मोड केला हे काही अंशी खरे आहे. जून २०१४ मध्ये कराची विमानतळावरील हल्ल्यानंतर उत्तर वझिरिस्तानात ‘झर्ब-ए-अझ्ब’ ही मोहीम सुरू झाली आणि पेशावरच्या शाळेतील हत्याकांडानंतर तिला सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला. पुढील पाच-सहा वर्षांत हल्ल्यांची संख्या खरोखरच खूप घटली. परंतु संघटनेचे नेते आणि बहुतेक लढवय्ये सीमा ओलांडून अफगाणिस्तानच्या कुनार, नांगरहार, पक्तिका या प्रांतांत गेले होते. मागे राहिले ते सामान्य लोक. या मोहिमेत सुमारे १० लाख लोकांना घरे सोडावी लागली आणि त्यांतील बरेच जण बन्नूत आले. २००९ मध्ये स्वात आणि परिसरातून सुमारे २० लाख लोक बाहेर पडले होते, तेव्हा त्यांतील बहुसंख्य मर्दान आणि स्वाबी येथील नातलगांच्या आणि अनोळखी लोकांच्याही घरांत सामावले गेले. वझिरिस्तानचे लोक परतले तेव्हा त्यांचे बाजार जमीनदोस्त झाले होते, शेतांत सुरुंग होते आणि प्रत्येक नाक्यावर तपासणीच्या नावाखाली अपमान होता.

याच वेदनेतून पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट, म्हणजे पश्तूनांच्या (पठाणांच्या) संरक्षणाची चळवळ, उभी राहिली. जानेवारी २०१८ मध्ये कराचीत नकीबुल्ला मेहसूद या वझिरिस्तानी तरुणाला पोलिसांनी बनावट चकमकीत ठार मारले आणि मंजूर पश्तीन या तरुणाच्या नेतृत्वाखाली हजारो लोक इस्लामाबादला येऊन बसले. मागण्या साध्या होत्या: सुरुंग काढा, बेपत्ता माणसांना न्यायालयासमोर उभे करा, नाक्यावर माणसासारखे वागवा. या चळवळीने कधी बंदूक हाती घेतली नाही. तिच्या सभांच्या बातम्या वाहिन्यांवर येऊ दिल्या गेल्या नाहीत, नेत्यांवर देशद्रोहाचे खटले झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने तिच्यावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातली.

मे २०१८ मध्ये २५ व्या घटनादुरुस्तीने सातही एजन्सी खैबर पख्तुनख्वात विलीन झाल्या आणि १९०१ चा कायदा गेला. हा निर्णय ऐतिहासिक होता, असे मी मनापासून मानतो. परंतु विकासनिधीचे जे आश्वासन दिले गेले ते पूर्ण झाले नाही, न्यायालये आणि पोलीस ठाणी अपुरी राहिली. अशा अर्धवट अवस्थेत ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण तालिबानने काबूल घेतले. अफगाण तुरुंगांतून पाकिस्तानी तालिबानचे अनेक लोक सुटले. आधी फुटून गेलेले गट २०२० पासूनच परत येत होते आणि आता अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली आधुनिक शस्त्रेही हाती येऊ लागली.

आणि पाकिस्तानने पुन्हा करार करायला घेतला. काबूलमध्ये, अफगाण तालिबानच्या मध्यस्थीने, २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ मध्ये वाटाघाटी झाल्या. त्यांत पाकिस्तानी तालिबानची एक प्रमुख मागणी होती की आदिवासी पट्ट्याचे विलीनीकरण रद्द करावे. ही मागणी प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. न्यायालय, मतपेटी आणि पोलीस ठाणे तेथे पोहोचू नये, जुनीच पोकळी परत यावी, हे त्यांना नेमके हवे होते. वाटाघाटी चालू असतानाच सशस्त्र लोक स्वातच्या डोंगरांत परतलेले दिसू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथे शाळेच्या गाडीवर गोळीबार होऊन चालक मारला गेला, तेव्हा मिंगोरात हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी तालिबानला व लष्कराला एकाच वेळी जाब विचारला. वाटाघाटींच्या काळात झालेली शस्त्रसंधी पाकिस्तानी तालिबानने नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस मोडली. ३० जानेवारी २०२३ रोजी पेशावरच्या पोलीस लाइन्समधील मशिदीत स्फोट होऊन ८० हून अधिक जण मेले, त्यांतील बहुतेक पोलीस होते. त्यानंतर पोलीस शिपाईच निदर्शनांना उतरले, इतका त्यांचा वरिष्ठांवरील विश्वास ढळला होता.

आता पाकिस्तान काबूलवर आसरा दिल्याचा आरोप करतो आणि तो निराधार नाही. नोव्हेंबर २०२३ पासून कागदपत्रे नसलेल्या लाखो अफगाण निर्वासितांना हाकलण्यात आले, ज्यांत पाकिस्तानातच जन्मलेली मुलेही आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या फौजा सीमेवर एकमेकींशी भिडल्या आणि कतार व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला. यातून तालिबानचे तळ काही काळ विस्कळीत होतील. मिरानशाहच्या दुकानदाराला खंडणीची चिठ्ठी आली तर ती घेऊन त्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न मात्र अशा लष्करी कारवाईने सुटणार नाही. तो सुटल्याशिवाय ही बंडखोरी संपेल, असे मला वाटत नाही.

‘इतके अतिरेकी ठार’ अशा बातम्या रोज येतात. त्यांवर किती विश्वास ठेवावा?
— पत्रकारितेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

बातमीत माहिती कोणी दिली हे आधी पाहावे. मारल्या गेलेल्या अतिरेक्यांचे आकडे बहुतेक वेळा लष्कराच्या जनसंपर्क विभागाकडून येतात आणि हल्ल्यांत मेलेल्या सैनिकांचे फुगवलेले आकडे तालिबानकडून. घटनास्थळी स्वतंत्र पत्रकाराला सहसा जाता येत नाही, त्यामुळे मेलेला माणूस खरोखर अतिरेकी होता की शेतात निघालेला गावकरी, हे अनेकदा कायमचे अनिर्णित राहते. स्थानिक रुग्णालय, जिल्हा पोलीस किंवा नाव देऊन बोललेला गावकरी यांचा हवाला असेल, तर ती बातमी मी अधिक गंभीरपणे घेतो. एकाच घटनेचे दोन दिवसांनंतरचे वृत्त जरूर वाचावे. पहिल्या दिवशीचा आकडा पुष्कळदा बदललेला असतो.

तेथील पत्रकारांच्या वाट्याला काय येते, हेही आपल्याला ठाऊक असावे. डिसेंबर २००५ मध्ये उत्तर वझिरिस्तानात अल-कायदाचा एक म्होरक्या आपल्याच स्फोटकांनी मेला, असे सरकारने जाहीर केले. मीर अली येथील पत्रकार हयातुल्ला खान यांनी घटनास्थळी जाऊन क्षेपणास्त्राच्या तुकड्यांची छायाचित्रे काढली. त्यांवर अमेरिकी खुणा होत्या आणि ती जगभर छापली गेली. काही दिवसांतच त्यांचे अपहरण झाले. जून २००६ मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नीचीही बॉम्बस्फोटात हत्या झाली. न्यायालयीन चौकशी नेमली गेली होती. तिचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही.